निकाल लागेपर्यंतची राखण

आचारसंहिता लागून तीन-चार दिवस झाले की कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या पडवीत एक रांग दिसते. कोणाच्या काखेत खताच्या गोणीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट असतं, कोणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून आणलेलं असतं, कोणी नुसतंच खांद्यावर टाकून आलेलं असतं. टेबलावर रजिस्टर उघडं, शेजारी दोऱ्याला बांधलेल्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. अशाच एका रांगेत ऐन मार्चच्या दुपारी सत्तरीच्या आसपासच्या एका आजोबांनी आपली ठासणीची बंदूक निवडणुकीपुरती जमा करायला टेबलावर आडवी ठेवली आणि विचारलं, "ही परत कधी गावतली?" लिहिणाऱ्यानं मान वर न करता सांगितलं, "निकाल लागल्यावर." आजोबा क्षणभर थांबले. "मग तवसर राखण कोणी करूची?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकानं दुकानदाराला भाव विचारावा तितक्या सरळपणे त्यांनी विचारलं. उत्तर कोणी दिलं नाही, कारण त्या प्रश्नाचं खातं त्या ठाण्यात नव्हतंच. पावती मिळाली, ती घडी करून परवान्याच्या लाल पुस्तकात गेली आणि रांग पुढे सरकली.

तो प्रश्न मात्र मनातून जात नाही.

राखण ज्यांनी केली आहे त्यांना हा शब्द किती जड आहे ते ठाऊक असतं. भात पसवलं आणि दाणा दुधात आला की मळ्यात माळा उभा राहतो. चार वासे, वर कवाडाएवढी फळी, डोक्यावर झापांचं किंवा निळ्या प्लास्टिकचं छप्पर, खाली ओंडक्याची धुनी. ऑक्टोबरात संध्याकाळी सातला दव पडायला लागतं आणि दहापर्यंत गोधडी ओली होते. डुकरं येतात ती बहुतेक मध्यरात्रीनंतर. आधी वास येतो, ओल्या चिखलाचा आणि उग्र घामट. मग भातातून सळसळ, मग कचाकच दाणा चावल्याचा आवाज. कळपात पाच-सहा असली तरी पुरे. खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त, आणि तुडवलेलं लोंबीचं भात चिखलात पडून दोन दिवसांत कोंब धरतं, ते कापूनही उपयोग नसतो. उन्हाळ्यात पीक बदलतं, राखण बदलत नाही. वायंगणी भात असतं, भुईमूग असतो, कलिंगडाचे मळे असतात, काजूच्या बागेत बोंडांचा आंबूस वास पसरलेला असतो आणि त्या वासावर सगळं रान खाली उतरतं. साळींदर माडाच्या आणि पोफळीच्या रोपांचा कोंब बुडातून पोखरतं, गवे काजूच्या कोवळ्या फांद्या मोडतात. वांदर तर दिवसाढवळ्या शहाळी आणि कैऱ्या पाडतात, अर्धी खाऊन फेकतात. दोडामार्गात 2002 पासून हत्तीही आहेत, पण हत्तीपुढे शेतकऱ्याची बंदूक म्हणजे फक्त आवाज.

खरं तर बहुतेक वेळा ती फक्त आवाजच असते. ज्यांनी बंदूक फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांना हे सांगून पटत नाही. एकनळी ठासणीची बंदूक, रजिस्टरमध्ये जिची नोंद 'एसबीएमएल' अशी होते, ती पुढून भरावी लागते. नळीत दारू ओतायची, तिच्यावर काथ्याचा किंवा सोडणाचा बोळा सोडायचा, गजानं ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा आणि पुन्हा ठासणं, शेवटी घोडा अर्धा चढवून नळीच्या बुडाशी असलेल्या भोकाच्या बोंडीवर, म्हणजे निपलवर, केप बसवायची. केप म्हणजे घोडा आपटला की ठिणगी देणारी छोटी टोपी. दिवसाउजेडी सरावलेल्या हातालाही याला मिनिटभर लागतं. काळोखात, दवानं ओल्या बोटांनी, खाली कळप असताना त्याहून बरंच जास्त. एक बार निघाला की संपलं. धूर इतका होतो की काही क्षण समोरचं दिसत नाही, आणि तोवर जनावर गडग्यापलीकडे गेलेलं असतं. त्यात दारू दमट असली तर घोडा पडतो, केप फुटते, पण बार निघत नाही. अशा वेळी नळी खाली न आणता, तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून बराच वेळ थांबावं लागतं, कारण आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा निघतो. घाईनं नळीत डोकावणाऱ्यांचे डोळे गेलेले कोकणानं पाहिले आहेत. बोळा दारूवर नीट टेकला नाही आणि मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटते. आधीचा बार आत आहे हे विसरून वर दुसरा भरला, तरी फुटते. म्हणून जुनी माणसं गजावर खूण करून ठेवतात: रिकाम्या नळीत गज इथवर जातो, भरलेल्या नळीत इथवर. बंदूक हातात आली की आधी गज घालून खूण बघायची, मग बाकीचं.

देशाच्या कायद्यानं ही गोष्ट ओळखली होती. 1959 च्या शस्त्र अधिनियमाचं कलम 13 वाचलं तर दिसतं, की खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला आणि अर्जदारात दोष नसेल, तर तो परवाना द्यायचा आहे. ठासणीची बंदूक पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर तिच्याऐवजी गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते, म्हणजे काडतुसाची बारा बोअरची. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला जिवाला धोका असल्याचं पटवून द्यावं लागतं, शेतकऱ्याला सातबारा दाखवावा लागतो. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माळ्यावर बसलेला माणूस होता, हे त्या ओळीतून कळतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत जे शेतीसंरक्षण परवाने आहेत, ते या ओळीवर उभे आहेत.

पण परवाना म्हणजे डुकरावर बार टाकायची मुभा, असं समजणारा फसतो. बंदूक बाळगायची परवानगी जिल्हाधिकारी देतात, जनावर मारायची परवानगी वनखातं. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या अनुसूचीत गेलं, आणि उभ्या पिकाचं नुकसान करतं म्हणून त्याला मारायचं तर कलम 11 खाली अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. परवानगी मिळून जनावर पडलंच तर ते सरकारी मालमत्ता, कलम 39 प्रमाणे. मांस घरी नेणं हा गुन्हा. बंदुकीवर पोलिसांची नजर, जनावरावर वनखात्याची आणि पिकाच्या नुकसानीवर महसूल-कृषी-वन या तिघांची मिळून, असा हा पसारा आहे. अभयारण्याच्या दहा किलोमीटरांच्या आत राहत असाल तर आणखी एक पायरी चढावी लागते. परवानाधारकानं आपलं नाव मुख्य वन्यजीव रक्षकाकडे नोंदवायचं, आणि नवा परवाना त्यांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही. राधानगरीच्या जंगलाखालच्या फोंडाघाटाकडच्या गावांत हे रोजचं आहे. जिथे गवे आणि डुकरं सगळ्यांत जास्त उतरतात, तिथेच परवाना सगळ्यांत अवघड. वन्यजीव वाचवायचे तर असा नियम हवा, हे मला पटतं. तरीही आपल्या कुळागराच्या गडग्यावर उभं राहून पोफळीची मोडलेली रोपं मोजणाऱ्याला तो समजावून सांगायची वेळ आली, तर शब्द सापडत नाहीत.

आता निवडणुकीकडे येऊ. 2024 साल घ्या. लोकसभेची आचारसंहिता लागली 16 मार्चला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मतदान झालं 7 मे रोजी, मतमोजणी 4 जूनला. इथलं मतदान उरकल्यावरही जवळजवळ महिनाभर बंदुका ठाण्यातच, कारण देशाच्या दुसऱ्या टोकाला मतदान चालू होतं. मार्चचा मध्य ते जूनची सुरुवात हा काजू, आंबा, कलिंगड आणि वायंगणी भाताचा काळ. मग 15 ऑक्टोबरला विधानसभा जाहीर झाली, 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल. हळवं भात तोवर घरात आलेलं असतं, पण निमगरवं आणि गरवं शेतात पिवळं होऊन उभं असतं. एका वर्षात चार महिने, आणि तेही नेमके ज्यांच्यासाठी परवाना दिला ते चार महिने. जुलै-ऑगस्टात, लावणी होऊन शेत नुसतं हिरवं असताना, बंदूक घरात खुंटीला होती.

निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करून घेण्यामागचा हेतू चुकीचा आहे असं कोणी शहाणा शेतकरी म्हणत नाही. धाकदपटशा करणाऱ्याच्या हातात त्या काळात शस्त्र नसावं, हे उघड आहे. पण सरसकट सगळ्यांची शस्त्रं गोळा करा, असं निवडणूक आयोगाच्या सूचनाही सांगत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयानं या विषयात फार पूर्वीच मार्गदर्शन केलं, आणि आयोगानं त्याच्या आधारे छाननी समितीची पद्धत घालून दिली. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत आणि विशेषतः निवडणुकीच्या काळातल्या दंगलीत सापडलेले, अशांचे परवाने एकेक करून तपासायचे आणि ज्याच्याबद्दल समितीला खरोखर शंका आहे त्याला नोटीस द्यायची. मार्च 2024 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठानंही हेच पुन्हा सांगितलं, की कारण न देता सगळ्या परवानाधारकांवर शस्त्र जमा करायची सक्ती करता येत नाही. कागद इतका स्वच्छ आहे. पण एकेक परवाना तपासायला माणसं आणि वेळ लागतो, सरसकट आदेशाला एक सही पुरते. ठाण्याच्या दृष्टीनं सगळी शस्त्रं कुलपात असणं सुरक्षित. शेतातलं नुकसान त्या ठाण्याच्या कोणत्याही तक्त्यात येत नाही.

सूट मागता येते, आणि ती मागावी. उशीर केला की फुकट जातं. आचारसंहिता लागण्याची वाट न बघता, हवा तापायला लागली की छाननी समितीच्या नावे अर्ज तयार ठेवावा. सोबत परवान्याची प्रत, सातबारा आणि आठ-अ, गेल्या दोन-तीन हंगामांतल्या पीकनुकसानीच्या पंचनाम्यांच्या प्रती, आणि आपल्यावर गुन्हा नोंद नाही असं पोलीस पाटलांचं किंवा ठाण्याचं पत्र. उभं पीक कोणतं, कुठल्या सर्व्हे नंबरात आणि कापणी कधी, हे अर्जात लिहावं, कारण 'शेतीसाठी गरज आहे' एवढ्या एका ओळीवर कोणतीही समिती निर्णय देत नाही. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घ्यावा. पंचनामे नसणं ही इथली खरी अडचण. नुकसान झालं की लोक हळहळतात, वांदरांना शिव्या देतात आणि गप्प बसतात, कारण भरपाईची रक्कम हेलपाट्यांच्या खर्चात जाते. पण पंचनामा भरपाईसाठी नाही झाला तरी या अर्जासाठी सोन्याचा असतो.

सूट मिळाली नाही आणि बंदूक द्यावीच लागली, तर ती कशी द्यायची याचंही एक शास्त्र आहे, आणि ते न पाळल्यामुळे कितीतरी चांगल्या बंदुका वाया गेल्या आहेत. भरलेली ठासणीची बंदूक काडतुसाच्या बंदुकीसारखी उघडून रिकामी करता येत नाही. गजाच्या टोकाला पेच लावून बोळे ओढून काढावे लागतात. म्हणून ठाण्यात न्यायच्या आधी गजाची खूण बघणं आलंच. काळ्या दारूची काजळी हवेतली ओल ओढते, त्यामुळे नळी आधी कढत पाण्यानं धुवायची, चिंधी पांढरी निघेपर्यंत पुसायची, चुलीजवळ किंवा उन्हात पूर्ण सुकवायची आणि मग पातळ तेलाचा हात द्यायचा. खोबरेल चालतं, पण फार थापलं तर महिन्याभरात चिकट होतं. नळीच्या तोंडात चिंधी कोंबायची नाही, ती ओल धरून ठेवते आणि बरोबर तिथेच गंज चढतो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळायची नाही, आत घाम धरतो. सुती कापड आणि वर गोणपाट, बस्स. दस्त्याला तडा असेल, घोडा सैल असेल, तर पावतीवर तसं लिहून घ्यायचं आणि देण्यापूर्वी क्रमांक दिसेल असा फोटो काढायचा. चिठ्ठी दोऱ्यानं बांधतात ती ओलीनं सुटते, म्हणून परवाना क्रमांक दस्त्याला चिकटपट्टीवर लिहून लावलेला बरा.

परत आणताना याहून जपावं लागतं. शंभर-दोनशे बंदुका एका खोलीत भिंतीला टेकवून उभ्या असतात, मेअखेरीला खिडकीतून दमट वारा येतो, आणि जूनमध्ये त्या मालकांच्या हाती पडतात तेव्हा नळ्यांवर तांबूस पूड धरलेली असते. एखादीचा गज दुसरीत गेलेला असतो. आणि एक गोष्ट शहरातल्या माणसाला सुचणारही नाही: कुंभारीण माशी. तिला मातीचं घर बांधायला बोटाएवढी पोकळी लागते आणि नळीचं तोंड तिला फार आवडतं. वरून दिसत नाही, पण आत चिखलाची गोळी घट्ट बसलेली असते. तशीच भरून बार काढला तर नळी फुटायला दुसरं कारण लागत नाही. म्हणून आल्या आल्या गज शेवटपर्यंत घालून बघायचा, निपलमधून तार फिरवायची, मग दारू न भरता नुसती केप लावून नळीचं तोंड जमिनीवरच्या सुक्या पाचोळ्याजवळ धरायचं आणि घोडा सोडायचा. पाला हलला तर वाट मोकळी आहे. नाही हलला तर पुन्हा धुणं.

शहरातली, परदेशातली मुलंबाळं याबद्दल बोलतात तेव्हा त्यांना अमेरिका आठवते. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी माणसानं तिथलं भांडण रोज ऐकलेलं असतं. तिथे दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारं मॅगझिन विकायला 2000 पासून बंदी आहे. पुढे ते जवळ बाळगण्यावरही बंदी आली आणि 2017 पासून त्यावर न्यायालयात झगडा चालला. 2019 मध्ये मार्चअखेरीला एका न्यायाधीशानं बंदी उठवली तेव्हा आठवडाभरात लोकांनी दुकानं रिकामी केली, मग स्थगिती आली, आणि मार्च 2025 मध्ये 'नवव्या सर्किट' या संघीय अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठानं बंदी वैध ठरवली. न्यू जर्सीनं 2018 मध्ये हीच मर्यादा पंधरावरून दहावर आणली. तिथले बंदूकधारक चिडतात ते दहा की पंधरा की तीस यावर, आणि तिथल्या शाळांत जे घडलं आहे ते पाहता त्या चिडीशी मला सहज समरस होता येत नाही. पण त्यांच्या तक्रारीतला एक धागा इथल्या माणसाला कळतो. ज्यानं कधी नियम मोडला नाही, ज्याचं नाव-गाव-अंगठा सगळं सरकारदरबारी नोंदलेलं आहे, त्याच्यावर नियम सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत सहज लागू होतो. आपल्याकडच्या बंदुकीत मात्र मोजायला एकच बार आहे.

याच देशात, गोव्याच्या खाली थोडं गेलं की कर्नाटकातला कोडगू जिल्हा आहे. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरेनं चालत आलेल्या, जमिनींच्या धारकांना ब्रिटिश काळापासून परवान्याच्या अटीतून सूट मिळत आली. केंद्रानं 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ती योग्य ठरवली. कैलपोढ सणाला तिथे बंदुका फुलांनी सजवून पुजतात. आपल्याकडे दसऱ्याला नांगर, कोयती, विळा यांच्या शेजारी जी बंदूक पुजली जाते, ती त्याच भावनेनं. कोकणाला कोडगूसारखी सूट हवी असं मी म्हणणार नाही. पण शस्त्राचा विचार माणूस, जमीन आणि वापर बघून करता येतो, आणि केल्यानं राज्य कोसळत नाही, एवढं तिथे दिसतं.

इथवर लिहिताना एक गोष्ट टाळली होती, ती लिहायलाच हवी. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर शिकार होते. सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी रात्री मुंबईहून पाहुणे आले की बॅटरी बांधून रानात जाणारे आहेत, भेकर आणि ससा पिकाचं फार काही बिघडवत नसताना त्यांच्यावर बार टाकणारे आहेत, डुकराचे वाटे पडतात तेव्हा कुठलं कलम कोणाला आठवत नाही. हाकाऱ्यात झुडूप हललं म्हणून झाडलेला बार आपल्याच माणसाला लागल्याच्या घटना दर काही वर्षांनी घडतात आणि दोन घरं कायमची उठतात. विनापरवान्याच्या गावठी बंदुका तर वेगळ्याच. त्या निवडणुकीत जमा होत नाहीत, कारण त्या कुठल्या रजिस्टरमध्येच नाहीत. परवानाधारकांनी आपल्यातल्या या लोकांबद्दल तोंड उघडलं नाही, म्हणून आज सगळ्यांकडे एकाच नजरेनं पाहिलं जातं. बंदुकीला औत म्हणायचं असेल तर ते औतासारखंच वापरायला हवं.

आणि बंदूक नसते तेव्हा काय होतं?

राखण थांबत नाही, तिची हत्यारं बदलतात. आधी डबे वाजतात, कुकारे घातले जातात, फटाके लावतात. जनावरं आठवड्याभरात सरावतात. मग कोणीतरी डुकराच्या वाटेवर मोटारसायकलच्या क्लचवायरची फासकी लावतो. फासकीला डुक्कर आणि बिबट्या यांतला फरक कळत नाही, आणि कमरेला वायर रुतून काजूच्या बागेत अडकलेला बिबट्या ही बातमी दोन्ही जिल्ह्यांत इतकी जुनी झाली आहे की ती आतल्या पानावर छापतात. त्याहून वाईट म्हणजे करंट. घरातून किंवा पंपाच्या लाइनवरून तार ओढून बांधावर सोडतात, आणि पहाटे पाणी लावायला गेलेला शेजारी त्यात सापडतो. कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवणारेही आहेत, त्यात गाईचा जबडा उडतो. या कशालाही परवाना नाही, पावती नाही, नंबर नाही. माळ्यावर जागा राहून, समोर बघून, एक बार हवेत काढणारा माणूस या सगळ्यांपेक्षा जंगलाला कमी धोक्याचा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

सौर कुंपण हा चांगला उपाय आहे आणि सरकारी योजनेतून ते मिळतंही. साधारण सेकंदाला एक झटका, व्होल्टेज मोठं पण झटका क्षणाचा, म्हणून जनावर मरत नाही, बुजतं. पण कोकणात पावसाळ्यात गवत तारेला टेकतं आणि सगळा जोर जमिनीत उतरतो. दर पंधरा दिवसांनी तारेखालचं गवत कापायला माणूस हवा. पाच-सात गुंठ्यांचे तुकडे, सामायिक सातबारा, मधून जाणारी पाणंद, यात कुंपण कोणाच्या हद्दीतून घालायचं यावर भावाभावांत वर्ष जातं. वांदरं तर त्याला शिवतच नाहीत, वरून उडी मारतात.

परवान्याची कागदपत्रंही दिवसेंदिवस वाढत आहेत. 2016 चे नियम आले, ऑनलाइन नोंदणी आली, प्रत्येक परवान्याला देशपातळीवरचा क्रमांक आला, वैद्यकीय दाखला आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आलं. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीनावरून पाच वर्षं केली, ही चांगली गोष्ट झाली. बारा बोअरवाल्यांची अडचण वेगळी. काडतुसं पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यातच होतात, 'शक्तिमान' नावाची, पण परवान्यावर नोंदलेल्या मर्यादेतली चार-दोन घ्यायलाही दुकानदार शोधत जिल्हाभर फिरावं लागतं. ठासणीवाल्यांना चांगल्या केपा मिळणं त्याहून कठीण, आणि जुन्या दमट केपांनीच निम्मे बार फुकट जातात.

सगळ्यांत मोठी गळती मात्र वारसाच्या टप्प्यावर होते. परवानाधारक गेला की बंदूक ठाण्यात जमा करावी लागते, आणि वारसानं स्वतःच्या नावे परवाना काढेपर्यंत ती तिथेच. वारस असतो विरार नाहीतर डोंबिवलीत. त्याला बाकीच्या भावंडांची संमतीपत्रं, प्रतिज्ञापत्र, दोन पत्त्यांवरची पोलीस पडताळणी हे सगळं गणपतीच्या आठ दिवसांच्या रजेत करायचं असतं. ते होत नाही. नियमात याला एक वाट आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. धारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली, किंवा त्यानं ती बंदूक पंचवीस वर्षं बाळगली, तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. गावात राहणारा, शेती करणारा मुलगा किंवा पुतण्या असेल तर आजोबा चालतेबोलते असतानाच हे उरकावं. एकदा बंदूक मृताची म्हणून जमा झाली की ती सोडवायला वर्षं जातात, आणि तोवर शेत पड पडतं. पड जमिनीत रान माजतं, त्या रानात डुकरीण वितात, आणि शेजारी जो अजून शेती करतो त्याच्या माळ्याला आणखी एका बाजूनं राखण लागते.

मागणी एवढीच आहे, आणि ती एका पानात मावते. छाननी समितीनं निवडणुकीच्या तोंडावर नव्हे, दर वर्षी उन्हाळ्याच्या आधी बसावं. शेतीसंरक्षण परवान्यांची वेगळी यादी करावी. ज्यांच्यावर गुन्हा नाही, ज्यांचं नाव पीकपाहणीला लागलेलं आहे आणि ज्यांच्याकडे फक्त ठासणीची एकनळी बंदूक आहे, त्यांना नाव-क्रमांकासह सूट लिहून द्यावी. अट म्हणून बंदूक गावठाणाबाहेर, स्वतःच्या सर्व्हे नंबरातच राहील आणि मतदानाच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत पोलीस पाटलांकडे ठेवली जाईल, असं लिहून घ्यावं. ज्याच्याविरुद्ध शिकारीची नोंद आहे त्याला ही सूट देऊ नये, आणि त्याचं नाव यादीतून काढायला बाकीच्या धारकांनीच पुढे यावं. तीन दिवस बंदूक घरात नसली तर गरवं भात जात नाही. चाळीस दिवस नसली तर जातं.